चेहऱ्यावरचे काळे डाग घासून जात नसतात, या चुका टाळा

पिगमेंटेशन, म्हणजे हे काळे डाग, हा चेहऱ्यावर साचलेला मळ नाही, निम्म्या चुका या गैरसमजातूनच होतात. त्वचेतल्या पेशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बनवतात, ऊन, हार्मोन्स किंवा जळजळ झाली की जास्तच बनवतात, मग वरून कितीही स्क्रब घासा, रंग खालून येतच राहणार, उलट घासून घासून त्वचा चिडली की डाग अजून गडद. मी स्वतः हा उद्योग केलाय. हनुवटीवरचा पिंपल नखाने फोडला, खपली धरली तर तीही उचकटली, वर लिंबू चोळलं... आठ दिवसांत बसला असता तो पिंपल, त्याचा तपकिरी ठिपका पुढे सात-आठ महिने मिरवला. लिंबू तर नकोच, त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर चक्क भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मग त्यांचेही डाग.

सगळे डाग एकच समजू नका. पिंपलचा डाग पिंपल होता तिथेच राहतो आणि हळूहळू का होईना फिका पडतो. वांग वेगळे, ते दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर पसरतात, बरेचदा गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, आणि गेले म्हणेपर्यंत चार दिवस उन्हात फिरलं की परत हजर. मान जाडसर, मखमली काळी दिसत असेल तर क्रीम शोधण्याआधी शुगर तपासा, त्यामागे बरेचदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही.

सनस्क्रीन लावते की मी, असं सगळ्याच म्हणतात, पण किती, तर वाटाण्याएवढं! तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा, चेहरा आणि मानेला एवढं लागतं. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो ट्यूबवरचा आकडा) ३० किंवा जास्त, बाहेर असाल तर दर २ तासांनी परत. घरातच असते म्हणून सुटका नाही, खिडकीच्या काचेतून उन्हातली यूव्हीए (अतिनील) किरणं आत येतात. वांग असतील तर नुसता उजेडही त्रास देतो, त्यामुळे तो उजेड अडवणारं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन घ्या.

आता सगळ्यात वाईट चूक, कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेली ट्यूब. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की विचारू नका, बंद केली की लाल, आग आग, पुरळ, म्हणून परत तीच लावायची. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का बघा, ही स्टिरॉइड्स आहेत, त्वचा पातळ करतात. डॉक्टर वांगासाठी हायड्रोक्विनोन (मेलॅनिन बनणं कमी करणारं औषध), ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातलं औषध) आणि सौम्य स्टिरॉइडचं एकत्र क्रीम देतात हे खरं, पण ते मोजून काही आठवडे, त्यांच्या नजरेखाली. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत बसलं तर निळसर काळे डाग पडू शकतात, आणि ते घालवणं महाकठीण.

अझेलिक अ‍ॅसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी हे डाग फिके करायला चांगले आहेत, पण तिन्ही एकाच रात्री नकोत. एक घ्या, ८ ते १२ आठवडे द्या, दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी त्याच वेळी फोटो काढा, आरशात रोज बघून फरक कळतच नाही. दिवस गेले असतील किंवा तसं प्लॅनिंग असेल तर रेटिनॉल (हेही व्हिटॅमिन ए गटातलंच), ट्रेटिनॉइन बंद. आणि एखादाच डाग वाकड्या कडेचा, रंग बदलणारा, वाढणारा किंवा रक्त येणारा असेल तर क्रीम-बिम राहू द्या, सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा.