विंडोज अपग्रेडपूर्वी जुना अँटिव्हायरस मुळापासून कसा काढावा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून विंडोज ११ वर जाणाऱ्यांच्या तक्रारी ऐकतो आहे: अपग्रेड अर्ध्यावर येऊन मागे फिरतं, निळा स्क्रीन येतो, इंटरनेट गायब होतं. यामागे बऱ्याचदा अँटिव्हायरस असतो, आणि सल्ला मिळतो तो ‘थोडा वेळ बंद करून बघा’ असा. हा सल्ला कुचकामी आहे. बंद केल्याने तपासणी थांबते, पण त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तसेच बसलेले असतात आणि भांडण तिथेच होतं. तो काढायलाच हवा.

बॅकअप घ्या, लायसन्स की जपून ठेवा. सेटिंग्जमधल्या ॲप्समधून अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथेच थांबा, पुढचं काम आयटी विभागाचं.

बहुतेक लोक यानंतर लगेच अपग्रेड सुरू करतात आणि तिथेच फसतात. आयकॉन गेला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एफएलटीएमसी’ ही पाच अक्षरं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. फाइल सिस्टिमवर बसलेल्या फिल्टरांची, म्हणजे फाइलींच्या वाचन-लेखनावर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची, यादी येईल आणि प्रत्येकापुढे ‘अल्टिट्यूड’ नावाचा आकडा असेल. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी राखून ठेवला आहे. त्यातला ३२८०१० वरचा ‘डब्ल्यूडीफिल्टर’ हा विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचा, त्याला हात लावू नका. पट्ट्यात त्याखेरीज दुसरं नाव दिसलं तर ते नेटवर शोधून कोणाचं आहे ते पाहा. जुन्या अँटिव्हायरसचं निघालं, तर तो अजून गेलेला नाही.

अशा वेळी त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं रिमूव्हल टूल उतरवा. बहुतेक मोठ्या कंपन्या असं टूल फुकट देतात. ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन सुरू होतं तेव्हा, चालवणं उत्तम, कारण अँटिव्हायरसचं स्वतःला वाचवणारं कवच तिथे सहसा चालू नसतं. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ हा आकडा दाबा.

त्याआधी दोन गोष्टी हाताशी हव्यातच. एक, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर सेफ मोडच्या वाटेवर ती विचारली जाऊ शकते, आणि की हाताशी नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून खातं उघडून आधीच कागदावर उतरवा. दुसरी, खात्याचा पासवर्ड. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग टूलमधून सेफ बूट लावायचा सल्ला मी कुणालाही देत नाही. लॉगिन जमलं नाही तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतं.

उरलेल्या .सिस फाइली, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली, हाताने डिलीट करणं तर त्याहून घातक. काही अँटिव्हायरस कीबोर्डवरही फिल्टर बसवतात. फाइल उडवली आणि रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) नोंद राहिली, की विंडोज ती फाइल शोधत बसतं, सापडत नाही आणि कीबोर्डच सुरू होत नाही. मग पासवर्ड कशाने टाकणार? रजिस्ट्री क्लीनरनाही या कामात जवळ करू नका. कुठली नोंद कशाला धरून आहे हे त्यांना कळत नाही.

टूल चालवून झालं की रीस्टार्ट करा आणि तीच यादी पुन्हा पाहा. नेट बंद पडलं असेल तर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट करा, व्हीपीएन मात्र नंतर नव्याने लावावं लागेल. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’खाली जुनं नाव नाही आणि डिफेंडर चालू आहे, एवढं दिसलं की अपग्रेड करा.

अँटिव्हायरस परत हवाच असेल तर जपून ठेवलेली जुनी सेटअप फाइल वापरू नका, विंडोज ११ साठीची ताजी आवृत्ती उतरवा. मग विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’, म्हणजे कर्नलला घातक कोडपासून जपणारं संरक्षण, चालू होतं का पाहा. नाही झालं तर अडवणाऱ्या ड्रायव्हरची यादी विंडोज तिथेच दाखवतं.