थकलेल्या दिवसांत विज्ञानकथा आणि भयकथा कशा वाचाव्यात

दिवसभराचे काम उरकून रात्री पुस्तक उघडावे, एकच परिच्छेद तीनदा वाचावा आणि तरीही त्यातले काही डोक्यात शिरू नये, असा अनुभव वाचनाची आवड असलेल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी येतो. अशा वेळी आपण स्वतःलाच बोल लावतो. एकाग्रता राहिली नाही, वाचनाची सवयच मोडली असे म्हणत पुस्तक बाजूला ठेवतो आणि ते पुढे कित्येक महिने तसेच पडून राहते. अनेक वर्षे दहा-दहा तासांची नोकरी सांभाळून वाचत आल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की पुष्कळदा आपण चुकीच्या वेळी चुकीच्या प्रकारची कथा हातात घेतलेली असते. भयकथा आणि विज्ञानकथा यांची नावे आपण एका दमात घेतो, ग्रंथालयातही त्या बहुधा शेजारीशेजारी असतात, पण थकलेल्या माणसाकडून त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागतात. विज्ञानकथेला सुरुवातीची मेहनत हवी असते, भयकथेला सलग वेळ. हा फरक ओळखून वाचनाची आखणी केली, तर रोजच्या धावपळीतही दोन्ही वाचता येतात.

विज्ञानकथेपासून सुरुवात करू, कारण अर्धवट टाकलेल्या पुस्तकांत तिचा वाटा मोठा असतो. समजा, एखादी कथा अशी सुरू होते: ‘दुसरा सूर्य मावळायच्या आत तिने मुखवट्याची गाळणी बदलली आणि मुलाला उद्याची हवा आणायला पाठवले.’ वाक्य साधे आहे, त्यात एकही अवघड शब्द नाही. तरीही ते वाचताना मनाला एकाच वेळी बरेच काही जुळवावे लागते. आकाशात दोन सूर्य आहेत, म्हणजे ही आपली पृथ्वी नव्हे. बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी नाही. हवा रोज मोजून मिळते आणि ती कुठून तरी आणावी लागते. ती आणायला लहान मुलाला पाठवले जाते, म्हणजे इथल्या लोकांना यात काहीच विशेष वाटत नाही. लेखक यातले काही समजावून सांगत नाही, आणि त्याने तसे सांगूही नये, कारण या प्रकारच्या लेखनाचा खरा आनंद त्या जुळवणीतच आहे. मात्र ती जुळवणी ताज्या डोक्याने होते. रात्री साडेदहाला, दिवसभरात शंभर निर्णय घेऊन झाल्यावर, तेच वाक्य नुसते शब्दांची ओळ बनून डोळ्यांसमोरून सरकते.

म्हणून विज्ञानकादंबरीची पहिली वीस-पंचवीस पाने कामाच्या दिवशी रात्री कधीही वाचू नयेत. ती सुट्टीच्या दिवशी सकाळी, तासभर निवांत बसून वाचावीत. त्या तासात कथेतल्या जगाचे नियम, मुख्य माणसे आणि घडवलेले शब्द एकदा मनात बसले की पुढचे पुस्तक थकलेल्या संध्याकाळी सहा-सात पानांच्या तुकड्यांनी वाचता येते, कारण आता प्रत्येक वाक्य नव्याने उलगडावे लागत नाही. मी कित्येक कादंबऱ्या पहिल्या प्रकरणात ‘कंटाळवाण्या’ म्हणून सोडल्या होत्या. त्यांतल्या तीन-चार पुढे रविवारी सकाळी पुन्हा उघडल्या, तेव्हा त्या मुळीच कंटाळवाण्या नव्हत्या.

त्याच पहिल्या तासात हाताच्या पंजाएवढा एक कागद जवळ ठेवावा आणि तोच पुढे वाचनखूण म्हणून वापरावा. त्यावर माणसांची नावे, नात्याचा किंवा कामाचा एखादा शब्द आणि लेखकाने घडवलेल्या संज्ञा एवढेच लिहावे. ‘हवाघर: इथून शिधा मिळतो’ किंवा ‘थोरली बहीण: यानावर, तिचे वय इथल्यापेक्षा हळू वाढते’ अशा पाच-सहा ओळी पुरतात. मध्ये आठ दिवस पुस्तकाला हात लागला नाही, तरी हा कागद आणि खुणेच्या आधीचे अर्धे पान वाचून दोन मिनिटांत पुन्हा कथेत शिरता येते. कागदावर यापेक्षा जास्त लिहू नये. टिपणे काढणे हे आणखी एक काम होऊन बसले की वाचनातली विश्रांती संपते.

प्रकरण संपले की पुस्तक मिटायचे, ही सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. थकलेल्या वाचकासाठी ती घातक आहे, असे माझे मत आहे. प्रकरण संपते तिथे पुढच्या पानावर बहुधा नवी जागा, नवे पात्र किंवा नवा काळ सुरू होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री पुस्तक उघडले की पहिल्याच ओळीला पुन्हा जुळवणीची मेहनत समोर उभी राहते. त्यापेक्षा नव्या प्रकरणाचे एक पान वाचून, कोण कुठे आहे हे कळल्यावर थांबावे. दुसऱ्या दिवशी आपण दारात न अडता थेट खोलीत पोहोचतो.

विज्ञान समजले नाही, तर काय करावे, असेही अनेक जण विचारतात. पुढे वाचत राहावे. यानाला गती कशी मिळते याचा परिच्छेद डोक्यावरून गेला, तरी यानातली माणसे परत घरी पोहोचणार की नाही हा प्रश्न कळतोच, आणि कथा बहुतेक वेळा त्या प्रश्नावरच उभी असते. तो परिच्छेद खरोखर महत्त्वाचा असेल, तर लेखक त्याच्याकडे पुन्हा वळतो आणि तेव्हा तो आपोआप स्पष्ट होतो.

आता एक सल्ला, जो सर्रास दिला जातो आणि अर्धाच खरा आहे. वेळ कमी असेल, तर कादंबरी सोडून कथासंग्रह घ्यावा, असे म्हणतात. विज्ञानकथांच्या बाबतीत मला हे पटत नाही. संग्रहात दहा कथा असतील, तर दहा वेगळी जगे दहा वेळा उभी करावी लागतात, आणि एका जगात जरा रुळतो न रुळतो तोच कथा संपते. कादंबरीत ही मेहनत एकदाच होते. मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात तर ती जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे कामाचा ताण सर्वांत जास्त असलेल्या महिन्यांसाठी एखाद्या आवडत्या मालिकेचा पुढचा भाग राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. विज्ञानकथांचे संग्रह सुट्टीत वाचावेत, आणि तेही दिवसाला एकच कथा या बेताने.

भयकथेच्या बाबतीत मात्र तोच सल्ला पूर्ण खरा आहे, आणि त्याचे कारण एडगर ॲलन पो याने १८४२ सालीच सांगून ठेवले आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने असे मांडले की लघुगद्यकथा वाचायला अर्ध्या तासापासून एक-दोन तासांपर्यंत वेळ लागावा आणि ती एका बैठकीत संपावी, कारण मध्ये खंड पडला की बाहेरच्या जगाचे व्यवहार आत शिरतात आणि कथेने मनावर केलेला एकसंध परिणाम विस्कटतो. पो स्वतः भयकथेचा मोठा कारागीर होता, त्यामुळे या म्हणण्याला वजन आहे. भीती वाक्यावाक्याने साचत जाते. घरात आपण एकटे आहोत हे पहिल्या पानावर सांगितलेले असते. सहाव्या पानावर खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. त्या आवाजाने अंगावर काटा यायचा असेल, तर मधल्या पाच पानांची शांतता मनात शिल्लक असायला हवी. चौथ्या पानावर मोबाइल वाजला आणि उद्याच्या बैठकीबद्दल दहा मिनिटे बोलणे झाले, तर परत आल्यावर तो निव्वळ खुर्चीचा आवाज असतो. शब्द तेच असतात, पण साचलेली भीती सांडून गेलेली असते.

म्हणून भयकथा निवडताना ती किती चांगली आहे यापेक्षा आज ती सलग वाचून होईल का, हे आधी पाहावे. त्यासाठी स्वतःचा थकलेल्या वेळचा वेग माहीत असावा, कारण तो सुट्टीच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी रात्री घड्याळ लावून दहा मिनिटे नेहमीसारखे वाचावे आणि पाने मोजावीत. पाच पाने झाली असतील, तर अठरा पानांच्या कथेला ३६ मिनिटे लागतील, हे उघड आहे. ऑनलाइन वाचणाऱ्यांना पानांऐवजी शब्दांचा हिशेब सोयीचा पडतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, त्यापुढे १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी अशी विभागणी आहे, आणि भयकथांचा अंदाज घ्यायलाही ती उपयोगी पडते. मिनिटाला १५० शब्द हा थकलेला वेग धरला, तर ७,५०० शब्दांना ५० मिनिटे लागतात. कामाच्या दिवशी एका बैठकीची मर्यादा साधारण तेवढीच असते. त्यापुढचे सगळे सुट्टीसाठी ठेवावे. कथा सुरू करण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि घरातल्या माणसांना तसे सांगून बसावे.

मोठी भयकादंबरी वाचायचीच असेल, तर जिची रचनाच तुकड्यांची आहे अशी निवडावी. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ रोजनिशी, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांची बनलेली आहे आणि बहुतेक प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. पहिली नोंद ३ मेची आहे आणि मुख्य कथानक नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. रोज एक-दोन नोंदी वाचल्या, तरी तिची भीती कमी होत नाही, कारण लिहिणाऱ्या पात्रांनाही पुढच्या नोंदीत काय आहे हे ठाऊक नसते आणि मधला खंड हा कथेचाच भाग होऊन जातो.

झोपेचा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. भीती काल्पनिक असली, तरी छाती खरीच धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे आवळले जातात, आणि हे सगळे शांत व्हायला वेळ लागतो. आधीच झोप अपुरी असलेल्या माणसाने अंथरुणात पडून भयकथा वाचणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या थकव्यात भर घालणे होय. कथा झोपेच्या किमान तासभर आधी संपवावी, आणि मधल्या वेळात भांडी आवरणे किंवा उद्याचे कपडे काढून ठेवणे असे हाताचे साधे काम करावे.

कोणती भीती निवडावी, याबाबत इंग्लिश भयकादंबरीकार ॲन रॅडक्लिफ हिचा एक विचार मला फार उपयोगी पडला आहे. तिच्या मृत्यूनंतर, १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिने भीतीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक अनिश्चिततेतून येते, ती मनाला विस्तारते आणि जागे करते. दुसरी भीषण गोष्ट उघडपणे समोर ठेवते, आणि तिने मन आकुंचन पावते, गोठते. थकलेल्या दिवशी मी दुसऱ्या प्रकारच्या वाटेला जात नाही. रक्तमांसाची वर्णने असलेली कथा वाचून उठल्यावर मला अधिकच गळून गेल्यासारखे वाटते, तर दाराआड काय आहे हे शेवटपर्यंत न सांगणारी कथा वाचल्यावर दिवसभराचा शीण कुठेतरी मागे पडलेला असतो. तुमचा अनुभव याच्या उलट असू शकतो, पण तो कोणता आहे हे दोन-चार कथांनंतर स्वतःशी नोंदवून ठेवावे.

काही काळ असेही येतात, जेव्हा भयकथा बंदच ठेवाव्यात. घरातले एक माणूस दीर्घकाळ आजारी होते, तेव्हा रात्री रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून मी एक भूतकथा उघडली आणि दुसऱ्याच पानावर मिटली, कारण रिकाम्या बोळातून जवळ येणाऱ्या पावलांचे ते वर्णन मला त्या जागी सहन झाले नाही. त्या महिन्यांत मला आधार दिला तो बिघडलेले यान दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या कथांनी, ज्यांत अडचण मोजता येते, साधने मोजकी असतात आणि कुणीतरी शांतपणे एकेक उपाय करून पाहत असते.

डोळे अगदीच थकलेले असतील, तर ऐकावे. एम. आर. जेम्स आपल्या भूतकथा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना वाचून दाखवत असे, आणि १९०४ साली आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात त्यांतल्या काही आहेत; भयकथेला आवाज पहिल्यापासूनच मानवतो. विज्ञानकथा प्रथमच ऐकणे मात्र कठीण जाते, कारण अनोळखी नाव कानावरून गेले की मागचे पान उलटून पाहता येत नाही. आधी वाचलेली विज्ञानकथा ऐकावी; ते जग ओळखीचे असते आणि पहिल्या वाचनात निसटलेले बारकावे आता ऐकू येतात.

माझ्या उशाजवळच्या फळीवर सध्या दोनच पुस्तके आहेत. एका विज्ञानकादंबरीत घडी घातलेला कागद आहे आणि त्यावर नऊ नावे आहेत. दुसरा भयकथांचा संग्रह आहे, ज्याच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक कथेपुढे मी पेन्सिलीने मिनिटे लिहिली आहेत: २२, ३५, ४०, १८, ५५. आज घरी पोहोचायला उशीर झाला आणि झोपेआधीचा एक तास सोडला, तर हातात अर्धा तास उरतो, म्हणून बावीस मिनिटांची कथा वाचणार आहे.