सरकत्या कीबोर्डची खरी गंमत

ब्लॅकबेरी प्रिव्ह हा फोन घेऊन चारच दिवस झालेत, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, खालून सरकून बाहेर येणारा कीबोर्ड नुसता टायपिंगसाठी नाहीये, तो टचपॅडपण आहे! बटणं न दाबता त्यावरून हलकेच बोट वर-खाली फिरवलं की पान स्क्रोल होतं आणि वाचताना मजकूर बोटाखाली झाकला जात नाही, मला हे फारच आवडलं. लिहिताना डावीकडे स्वाइप केलं की अख्खा शब्द खोडला जातो. कर्सर हलवायचा असेल तर आधी कीबोर्डवर दोनदा टॅप करा. आणि होमस्क्रीनवर असताना एखादं अक्षर दाबून धरलं तर त्याला शॉर्टकट देता येतो, मी एमवर आईचा नंबर लावलाय, आता फोन लावायला शोधाशोध नाही.