कॉफी आणि सपीट चाळणी: या चुका टाळा

रात्री फिल्टरमध्ये कॉफी घालून झोपायचं आणि सकाळी खालच्या भांड्यात जेमतेम चार थेंब उतरलेले बघायचे, असं माझ्या घरी आठवडाभर चाललं होतं. बिया चांगल्या होत्या, चिकमगळूरहून आणलेल्या. पाणीही कढत होतं. तरी वरच्या भांड्यात पाणी तसंच साचलेलं आणि त्याखाली कॉफीचा चिखल. दोष निघाला दळणात. घरच्या मिक्सरमध्ये कॉफी कधीच एकसारखी दळली जात नाही. त्यात रव्यासारखे दाणे असतात, डाळीच्या कण्यांएवढे भरड तुकडे असतात आणि टाल्कम पावडरीसारखी धूळही असते. ही धूळ तळाशी जाऊन फिल्टरची भोकं बुजवते. हे कळल्यावर मी मैद्याची बारीक चाळणी, म्हणजेच सपीट चाळणी, काढली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांत मोठी चूक केली. जे खाली पडलं तेच फिल्टरमध्ये घातलं.

वरचं आपलं की खालचं?

आपला हात पिठाला सरावलेला असतो. पीठ, बेसन, मसाला, पिठीसाखर, काहीही चाळलं तरी खाली पडेल ते आपलं आणि वर राहील तो कोंडा, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. कॉफीत नेमकं उलट आहे. वर राहिलेले दाणे ठेवायचे, खाली पडलेली धूळ बाजूला काढायची. रवा चाळताना आपण हेच करतो, फक्त तसं म्हणत नाही. रव्यातलं पीठ खाली झाडून टाकलं नाही तर शिरा चिकट होतो आणि उपम्यात गोळे राहतात. कॉफीकडे रव्यासारखं बघा, पिठासारखं नको. चाळणी हातात घेण्याआधी वरचं हवंय की खालचं, हे ठरलं की निम्म्या चुका तिथेच संपतात.

आता जाळीचं. दुकानात चाळणीवर कधी 40, 60, 80 असे आकडे दिसतात. तो मेश नंबर, म्हणजे एका इंचात किती भोकं. आकडा जितका मोठा, तितकी जाळी बारीक. 40 नंबरचं भोक साधारण 0.4 मिलिमीटरचं, 60 चं 0.25, 80 चं 0.18 आणि 100 चं 0.15. फिल्टर कॉफीसाठी मला 60 ते 80 च्या मधली जाळी सोयीची वाटते. 40 ची घेतली तर धुळीबरोबर चांगले दाणेही खाली जातात आणि अर्धी कॉफी वाया जाते. आकडा लिहिलेला नसेल तर सोपी परीक्षा आहे: कोरडा बारीक रवा चाळून बघा. रवा वर राहिला आणि फक्त त्यातलं पीठ खाली आलं, तर ती चाळणी कॉफीला चालेल.

मिक्सरवाल्यांसाठी दोन चाळण्या

एका चाळणीने धूळ जाते, पण भरड तुकडे तसेच राहतात. म्हणून मी दोन चाळण्या वापरते, वर रव्याची जाड आणि खाली सपीट. बिया मिक्सरच्या लहान भांड्यात घालून दोन-तीन सेकंद फिरवायच्या, थांबायचं, भांडं हलवून पुन्हा फिरवायच्या. सलग फिरवत राहिलात तर पात्याजवळच्या बियांची धूळ होते, कडेच्या अख्ख्या राहतात, शिवाय भांडं तापून वास उडतो. असे सहा-सात झटके दिले की सगळं जाड चाळणीत ओता. वर राहिलेले तुकडे परत मिक्सरला. मसाला करताना वरची भरड आपण परत फिरवतोच, तसंच. जाड चाळणीतून उतरलेली पूड सपीट चाळणीत घ्या, मोठ्या ताटावर धरून अर्धा मिनिट हलवा. सपीट चाळणीत वर जे उरलं, ती तुमची कॉफी.

वजन चाळल्यानंतर करायचं, आधी नाही. ही चूक फार सहज होते. मी 40 ग्रॅम बिया दळल्या तर मिक्सरच्या दळणातून सहा-सात ग्रॅम धूळ निघते. बियांच्या वजनावर पाण्याचा हिशेब केला तर कॉफी पाणचट होणारच आणि दोष मात्र चाळणीला जातो. लागते त्याहून थोडं जास्त दळा, चाळा, मग मोजा.

धुळीचा शेवटचा कणही निघालाच पाहिजे, या मागेही लागू नका. बारीक कण मोठ्या दाण्यांना चिकटून राहतात, ते पाच मिनिटं चाळूनही निघत नाहीत. तेवढ्या वेळात दळलेली कॉफी उघड्यावर पडून वास मात्र घालवते. अर्धा मिनिट पुरे, आणि तेही कॉफी करायच्या आधी लगेच. महिन्याची कॉफी एकदम चाळून डब्यात भरण्यात काही अर्थ नाही.

थंडीच्या कोरड्या दिवसांत वेगळाच त्रास होतो. पूड मिक्सरच्या झाकणाला, चाळणीच्या कडेला, बोटांना चिकटते, झटकली तरी सुटत नाही. ही दळताना घर्षणाने तयार झालेली स्थिर वीज. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून ती दळण्याआधी बियांमध्ये एकदा फिरवा. एवढा एक थेंब पुरतो. त्याहून जास्त पाणी नको, नाहीतर जाळीत लगदा बसतो.

चव बघून ओळखा

कॉफी कडू, तोंड आवळणारी आणि कपाच्या तळाशी गाळ, तर धूळ जास्त आहे. धुळीतून गरजेपेक्षा जास्त अर्क उतरतो. आंबट आणि पाणचट लागत असेल तर भरड तुकडे जास्त आहेत, त्यांच्यातून अर्क पुरता उतरतच नाही. एकाच घोटात आंबटही आणि कडूही लागली तर दोन्ही आहेत. मिक्सरची कॉफी बहुतेक वेळा अशीच असते, आणि दोन चाळण्यांचा खरा उपयोग इथेच होतो.

चाळल्यावर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरच्या खालच्या भांड्यात जमणारा कॉफीचा अर्क, भराभर उतरलं आणि रंगाला फिकं आलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त काढून टाकलंय. बाजूला ठेवलेल्या धुळीतली चमचाभर परत मिसळा, किंवा पुढच्या वेळी थोडं बारीक दळा. उलट, चाळूनही उतरत नसेल तर दट्ट्याकडे बघा. फिल्टरमधली ती छत्रीसारखी चकती पुडीवर अलगद ठेवायची असते, जोर लावून दाबायची नसते. दाबलेल्या थरातून पाणी वाट काढू शकत नाही, मग पूड कितीही चांगली चाळलेली असो.

बाजूला काढलेली धूळ फेकू नका. पाण्यात उकळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निथळ ओतून प्यायची कॉफी तिची छान होते. तुर्की पद्धतीला तर पिठासारखीच बारीक पूड लागते. चॉकलेट केकच्या मिश्रणात चमचाभर घातली तरी कोकोची चव उठून येते. सिंकमध्ये मात्र कॉफीचा कुठलाच गाळ टाकू नका. तो विरघळत नाही, पाइपातल्या तेलकट थराला धरून बसतो. कुंडीत घालायचा तर मातीत मिसळून, थोडा. वरून जाड थर दिला तर वाळून त्याची खपली होते आणि पाणी आत मुरत नाही.

चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली तयार कॉफी चाळू नये असं माझं मत आहे. चिकोरी आणि कॉफी वेगवेगळ्या जाडीची दळलेली असेल तर एक वर राहते, दुसरी खाली जाते आणि मिश्रणाचं प्रमाणच बदलतं. शिवाय चिकोरी हवेतलं पाणी पटकन ओढते. इन्स्टंट कॉफीला तर चाळणी लागतच नाही, ती पाण्यात पूर्ण विरघळते.

काही घरांत कॉफी पातेल्यात उकळून चहाच्या गाळणीने गाळतात. ते चालतं, पण गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळू नका, सगळा गाळ कपात उतरतो. त्यापेक्षा पातेलं चार मिनिटं झाकून ठेवा, वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडा, पूड खाली बसू द्या आणि मग सावकाश ओता. एक गोष्ट मनापासून सांगते. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर रोजच्या कॉफीसाठी कागदी फिल्टर वापरा. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. कागद तो बराचसा अडवतो, धातूची जाळी कितीही बारीक असली तरी अडवत नाही.

जोर लावू नका, पण कुठे लावायचा तेही पाहा

कोरडी वस्तू चाळताना चमच्याने घासणं, बोटांनी रगडणं ही सवय सोडा. रगडल्यावर जी कणी वर राहायला हवी तीच खाली ढकलली जाते आणि तारा सरकून भोकं वेडीवाकडी होतात. एका हाताने कड धरायची, दुसऱ्या हाताच्या तळव्याने बाजूने हलक्या टपल्या मारायच्या. वस्तू जाळीवर नाचायला हवी, म्हणून चाळणी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरू नका. ओट्याच्या कडेवर आपटूही नका, कड वाकते आणि जाळी सैल पडते.

ओल्या वस्तूंना हा नियम लागू नाही. आमरसातले दोर काढायचे, टोमॅटोच्या साराचं साल काढायचं, चक्का मऊ करायचा, तर पळीने दाबावंच लागतं. पण त्यासाठी जाड तारेची वेगळी चाळणी ठेवा. पुरण तर सपीट चाळणीत घालूच नका. त्याला पुरणयंत्र हवं, आणि ते गरम असतानाच वाटायला हवं. गार झालं की घट्ट होतं, आणि मग दाबता दाबता जाळीच कडेपासून सुटते.

पावसाळ्यात गाठी का होतात

बहुतेक वेळा दोष जाळीचा नसतो, ओलाव्याचा असतो. मिक्सरमधून काढलेला मसाला गरम असतो, त्यातून वाफ निघत असते. तो लगेच चाळला तर जाळीवर तेलकट थर बसतो आणि पुढचं काही खाली पडत नाही. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, खोबरं आणि तीळ असलेल्या गोड्या मसाल्याला तर नक्कीच. पिठीसाखर पावसात दगड होते. दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा एकदा फिरवून मग चाळली की सुटी होते.

मोदकाच्या पिठीचंही तसंच आहे. तांदूळ धुऊन सावलीत नीट वाळले नसतील तर पिठी जाळीला लिंपली जाते. ती उतरत नाही म्हणून आपण कंटाळून जाड चाळणी घेतो, आणि मग पाऱ्या वळताना कडा चिरतात. त्यापेक्षा तांदूळ अजून काही तास वाळू द्या.

आणि धुतलेली चाळणी. बाहेरून कोरडी दिसते, पण जाळी आणि कड यांच्या सांध्यात पाणी राहतं. तिच्यात पीठ घातलं की त्या कडेने एक गोल कणकेची रेघ तयार होते. ती वाळते, आत किडे होतात. माझ्या चाळणीच्या सांध्यातून एकदा टाचणीच्या टोकाएवढा जिवंत सोंडा बाहेर आला, आणि मी डब्यातलं सगळं पीठ तपासत बसले होते. तेव्हापासून चाळणी उन्हात पालथी ठेवून पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात जात नाही.

पिठाची चाळणी गरम पाण्याने धुऊ नका. पिठाची खळ होऊन ती भोकांत घट्ट बसते. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग गार पाणी. कॉफी आणि मसाल्याच्या चाळणीला मात्र गरम पाणी आणि साबणच हवा, कारण तिथे तेल असतं आणि ते खवट होतं. तरी वास राहिला तर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून वीस मिनिटं बुडवा. अॅल्युमिनियमची चाळणी असेल तर सोडा वापरू नका, ती काळी पडते. एवढं करूनही तिखटाची चाळणी कॉफीला वापरू नये. लाल तिखटाचा झणका त्या सांध्यातून कधीच पूर्ण जात नाही.

केक आणि पोळ्या

केकच्या कृतीत ‘चाळलेला मैदा 1 कप’ आणि ‘1 कप मैदा, चाळून’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळल्यावर मैद्यात हवा भरते, म्हणून आधी चाळून मग मापला तर कपात कमी मैदा बसतो. न चाळता मापला तर जास्त पडतो. केक कोरडा का झाला, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. दुसरं, मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळली म्हणजे ती मिसळली, असं नाही. चाळणी गाठी फोडते. मिसळायचं काम वेगळं, चाळल्यावर व्हिस्कने किंवा काट्याने अर्धा मिनिट हलवा.

पोळ्यांची कणीक सपीट चाळणीतून चाळली की पोळ्या मऊसूत होतात, पण सगळा कोंडा वर राहतो आणि तो पोटाला हवा असतो. खडे-किडे बघायला साधी जाड चाळणी पुरते.

तुटलेली तार

भोकात अडकलेला दाणा टाचणीने किंवा सेफ्टी पिनने टोकरू नका. चाळणी पालथी करून उलट्या बाजूने मऊ ब्रश मारा. टोकरल्याने तार तुटते, आणि तुटलेल्या तारेचा केसाएवढा तुकडा पिठात पडला तर तो डोळ्यांना दिसत नाही. चुंबक फिरवून तो सापडेलच असंही नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच तारा चुंबकाला चिकटत नाहीत. महिन्यातून एकदा चाळणी खिडकीसमोर उजेडात धरा. एक जरी भोक इतरांपेक्षा मोठं दिसलं किंवा कडेची तार बोटाला टोचली, तर ती चाळणी खाण्याच्या वस्तूंसाठी संपली. कुंडीची माती चाळायला द्या.

नवी घेताना पुण्याच्या तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या भांड्यांच्या दुकानात ती अशीच उजेडात धरून बघा, मध्यभागी अंगठा टेकवून जाळी किती सैल आहे ते पाहा आणि कडेच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे पीठही अडकणार. ती परत ठेवून दुसरी मागा.