किडनी निकामी झालेल्या रुग्णाला औषधांची बाधा होऊ नये म्हणून काय करावे

अनेक औषधे लघवीवाटे शरीराबाहेर पडतात. किडनी निकामी झाली की ती रक्तात साठू लागतात आणि इतरांना मानवणारी मात्राच या रुग्णाला बाधते. म्हणून नवे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, मग ते दातांचे असोत वा हाडांचे, नुसते "किडनीचा त्रास आहे" असे सांगून थांबू नये. ताजा ईजीएफआर (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा), डायलिसिसचे वार आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांच्या हाती द्यावी. एकट्या क्रिएटिनिनवर (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ घटक) विसंबू नये, कारण कृश वृद्धांच्या अंगात स्नायू कमी असल्याने किडनी बिघडलेली असूनही तो आकडा फारसा वाढलेला दिसत नाही.

नागिणीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यावरील अ‍ॅसायक्लोव्हिर प्रौढांना एरवी ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा देतात. किडनी जवळजवळ बंद असलेल्यांना तीच मात्रा दर १२ तासांनी एकदाच द्यायची असते. जोडीला वेदनेसाठी बहुधा गॅबापेंटिन येते. निरोगी माणसाच्या रक्तातील गॅबापेंटिन ५ ते ७ तासांत निम्मे होते. लघवीच होत नसलेल्या रुग्णाला, डायलिसिस नसलेल्या दिवसांत, त्यासाठी सुमारे १३२ तास लागतात. अशा रुग्णाला ही दोन्ही औषधे पूर्ण मात्रेत मिळाली, तर तो गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, हाताला झटके येऊन कपातला चहा सांडतो, आणि घरच्यांना वाटते की वय झाले. पाठ आखडल्यावर दिल्या जाणाऱ्या बॅक्लोफेननेही असेच होते. डायलिसिसवरील रुग्णाने ते टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी लक्षणे दिसताच गेल्या काही दिवसांत कोणती गोळी नव्याने सुरू झाली ते पाहावे आणि सगळ्या स्ट्रिप्स घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. पक्षाघाताची शक्यता तिथेच तपासली जाईल आणि औषधाचीच बाधा असेल तर ही तिन्ही औषधे डायलिसिसने बऱ्याच अंशी काढता येतात. मात्र जुनी, नेहमीची औषधे स्वतःहून एकदम बंद करू नयेत.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या उरलीसुरली किडनीही बिघडवतात. अ‍ॅसिडिटीच्या अनेक औषधांत मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असते, तेही साठते. घटकांची खात्री नसलेली भस्मे घेऊ नयेत. स्टार फ्रूट म्हणजे कमरख हे फळ असले तरी या रुग्णांच्या मेंदूला घातक आहे; न थांबणारी उचकी हे त्याचे एक लक्षण.

मधुमेह असल्यास ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन चालत नाही. इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने साखर एकाएकी उतरू शकते. घाम किंवा थरथर जाणवताच ती तपासावी. उलट्या-जुलाब सुरू झाले तर रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे.

डायलिसिसच्या दिवशी कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर घ्यायची, हे युनिटमध्ये विचारून यादीत त्या त्या औषधापुढे लिहून घ्यावे.