पाणपोई: पाडव्याला सुरू होऊन मृगापर्यंत टिकणारी

उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काही करायचं मनात असेल तर पाणपोईइतकं सोपं काम नाही, आणि तिच्याइतकं सहज बंद पडणारंही दुसरं नाही. पाडव्याला मांडव, फ्लेक्स, नारळ. नव्याचे नऊ दिवस सरले की रांजणाच्या तळाशी चार बोटं कोमट पाणी, वर कडुनिंबाची पानं आणि साखळीला लोंबणारा पेला. अशी पाणपोई नसलेली बरी, कारण तिच्या भरवशावर माणूस दोन चहाच्या टपऱ्या ओलांडून आलेला असतो. म्हणून आधी रांजण शोधायचा नाही, भरणारे हात शोधायचे.

चार-पाच घरं किंवा दुकानं पुरतात, पण ती जागेपासून शंभर पावलांच्या आत हवीत. लांबचा उत्साही माणूस पैसे देतो, पाणी भरत नाही. आठवड्याचे वार वाटून घ्या. ज्याचा वार, त्याची दोन कामं: रात्री माठ रिकामे करून धुऊन भरणं, आणि दुपारी बाराच्या सुमारास येऊन पाणी किती उरलंय ते बघणं. रात्रीच्या कामाला अर्धा तास लागतो, दुपारच्याला पाच मिनिटं. पाळी नेमकी दोन वेळा मोडते. बाजारपेठ बंद असते त्या वारी दुकानदार फिरकत नाहीत, आणि मे महिन्यात लग्नं नि सुट्टी यांमुळे निम्मे लोक गावाला जातात. प्रत्येक वाराला बदली माणूस आधीच ठरवून ठेवा. हे जमत नसेल तर पाणपोई फक्त एप्रिलची करा आणि पाटीवर तसं लिहा.

किती पाणी लागेल? एक माणूस साधारण पाव लिटर पितो, म्हणजे शंभर माणसांना २५ लिटर. पण रिक्षावाले, घरपोच सामान पोचवणारी मुलं, एसटीचे वाहक बाटली भरून नेतात. अशा वीस बाटल्यांना आणखी २० लिटर. बाटली भरू नये अशी पाटी लावू नका, पुढचे चार तास उन्हात असणाऱ्यालाच बाटलीची खरी गरज असते. साध्या थांब्यावर २० लिटरच्या तीन माठांनी सुरुवात करा आणि पहिले तीन-चार दिवस पाणी किती वाजता संपतं ते लिहून ठेवा. दोनच्या आत संपत असेल तर एक माठ वाढवा. संध्याकाळी माठभर उरत असेल तर एक कमी करा, उरलेलं पाणी शिळं होण्यापेक्षा ते बरं.

जागा निवडताना माणसं कुठे थांबतात ते बघा, कुठून जातात ते नव्हे. एसटी थांबा, मजूर अड्डा, आठवडी बाजाराचं तोंड, तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालयाचं फाटक. सावली दुपारी बारा ते चार या वेळातली मोजायची. सकाळी बघून ठरवलेली सावली दुपारी भलतीकडे सरकलेली असते. गटार आणि मुतारी लांब हवी. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी घ्या, आणि रस्त्याकडेच्या दुकानदाराला आधी विचारा. त्याच्या दारात चिखल होणार असतो.

आता माठ. माठातलं पाणी गार होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून बाहेरच्या अंगाला वाळतं म्हणून. वाळताना ते उष्णता ओढून घेतं. एवढं लक्षात ठेवलं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. वारा लागला पाहिजे, म्हणून माठ तीन बाजूंनी बंद खोक्यात ठेवायचा नाही. बाहेरून तैलरंग लावायचा नाही. देणगीदाराचं नाव माठाच्या पोटावर रंगवण्याची हौस सगळीकडे दिसते. जेवढा भाग रंगवला तेवढा पाझरायचा थांबला. नाव पाटीवर लिहा. चकचकीत रोगण दिलेले शोभेचे माठही याच कारणाने कामाचे नाहीत.

घेताना बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कच्चा किंवा तडा गेलेला. तोंड एवढं रुंद हवं की हात तळापर्यंत पोचेल. सुरईसारखा अरुंद गळ्याचा माठ आतून घासता येत नाही. रांजण सिमेंटच्या ओट्यात बसवण्याचा मोहही टाळा, कारण तो कलंडवून रिकामा करता येत नाही आणि तळाचा गाळ हंगामभर तसाच राहतो.

नवा माठ एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून किंवा भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. मातीचा वास जाईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. आत साबण कधीच नको. छिद्रांत शिरलेला साबण निघत नाही, आणि मग पाण्याला त्याची चव लागते. नारळाच्या काथ्याने घासायचं, बस्स. बोअरचं जड पाणी असेल तर दीड-दोन महिन्यांत बाहेरून पांढरे क्षार धरतात, छिद्रं बुजतात आणि पाणी गार होणं कमी होतं. बाहेरून काथ्याने घासून थोडं मोकळं होतं, पण पाण्याची तक्रार येऊ लागली की माठ बदलणंच बरं.

माठ तिवईवर ठेवा आणि खाली ओल्या वाळूचा थर द्या. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगला फरक पडतो. गोणपाट खताचं किंवा कीटकनाशकाचं नको. ते एक दिवसाआड उन्हात वाळवा, नाहीतर आंबट वास सुटतो आणि लोक तो पाण्याचाच समजतात. भरायची मुख्य वेळ रात्रीची. दुपारी अर्ध्या माठात टाकीतलं तापलेलं पाणी ओतलं की उरलेलं गार पाणीही वाया जातं. त्यासाठी माठ आळीपाळीने उघडा: एक संपला की दुसरा, आणि संपलेला लगेच भरून बाजूला गार व्हायला.

वाळा घालायचा असेल तर मूठभर मुळं माती निघेपर्यंत धुवा, पातळ फडक्यात पुरचुंडी बांधा आणि रोज रात्री माठ धुताना बाहेर काढून ठेवा. आठवड्याने वास उतरतो. तेव्हा नवी पुरचुंडी. ती तशीच राहिली तर बुळबुळीत होते.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, तो तुरटीचा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. नगरपालिकेच्या नळाला क्लोरीन घातलेलं पाणी येत असेल तर ते थेट झाकणाच्या स्वच्छ भांड्यात भरून घ्या, आणखी काही टाकायला नको. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी मात्र गाळून निर्जंतुक करावंच लागतं. गावाकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, सहज मिळते, पण तिचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. साठ लिटरला म्हणजे जेमतेम चिमटीचा भाग, तो हाताने मोजता येत नाही. शिवाय उघडी राहिलेली पावडर नरम पडते. छोट्या पाणपोईला औषधाच्या दुकानातल्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण सोयीचं. किती लिटरला किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. हे माठात न करता प्लास्टिकच्या पिंपात करा, अर्धा तास थांबा, मग माठ भरा. रात्रभरात वासही उतरतो. पिंप रंगाचं किंवा रसायनाचं जुनं नको, कितीही धुतलेलं असलं तरी. क्लोरीन नीट पडलं का, याची शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते गाळून, उकळून किंवा क्लोरीनने जात नाही. तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत मागा आणि मगच ते बोअर वापरा.

एवढं करून पाणी बिघडतं ते पेल्याने. शंभर लोकांचे हात आणि तोच पेला माठात बुडणार असेल तर रात्रीचं सगळं धुणं फुकट. उपाय दोन: लांब दांड्याचं ओगराळं, किंवा माठाला तोटी. ओगराळं वापरायचं तर वाढायला माणूस हवा. तो नसला की लोक ओगराळंच तोंडाला लावतात. तोटीला माणूस लागत नाही, म्हणून ती बरी. आणखीही एक कारण आहे. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेणं ही या मुलखात नुसती पद्धत नव्हती. पाण्याला हात लावायचा अधिकार कोणाला, ही भांडणं त्यात होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक पाणी प्यायले ते याच हक्कासाठी. पाणपोईवर माणसाने आपल्या हाताने तोटी फिरवावी, कोणाकडे बघावं लागू नये.

तोटी तळापासून तीन-चार बोटं वर बसवलेली हवी, म्हणजे गाळ खाली राहतो. तोटी बसवलेलाच माठ घ्या; घरी भोक पाडताना निम्मे माठ फुटतात. रबरी वायसर दोन जास्त आणून ठेवा, कारण थेंब-थेंब गळणारी तोटी रात्रभरात बरंच पाणी घालवते. स्टीलचे सहा पेले पुरतात. वरून प्यायचे असले तरी लोक तोंड लावतातच, म्हणून शेजारी विसळायला वेगळी बादली नि मग्गा ठेवायचा, आणि रात्री पेले साबणाने धुवायचे. पेले चोरीला जातात हे धरून चाला. साखळीने बांधलेला पेला कधीच नीट धुतला जात नाही; वर्षाला दोन-चार पेले गेले तर जाऊ द्या. कागदी पेल्यांचा ढीग मात्र तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा राग ओढवून घेतो.

सांडलेलं पाणी कुठे जाणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. तोटीखाली खडीचा थर आणि तिथून झाडाच्या आळ्यापर्यंत चर काढला तर चिखल होत नाही. जनावरांसाठी उथळ भांडं ठेवलं तर ते रोज उपडं करून घासायचं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. पिंपालाही आठवड्यातून एक कोरडा दिवस द्या.

मुंबई, कोकण, गोवा इथे हे गणित बदलतं. दमट हवेत पाणी फारसं वाळत नाही, त्यामुळे माठ जेमतेम गार होतो. तिथे उष्णता अडवणारी जाड भिंतीची प्लास्टिकची टाकी बरी, सकाळी थंड पाण्याने भरलेली. पाण्यात बाजारचा बर्फ टाकू नका. मासळी-भाजीसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. तो ओळखता यावा म्हणून निळसर असावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, पण हातगाडीवर येईपर्यंत कोण बघतो? बर्फ हवाच तर घरच्या फ्रीजमध्ये बंद बाटल्या गोठवून त्या टाकीत सोडा.

पन्हं आणि ताक वाटायची हौस एखाद्या दिवशी, लगेच संपेल एवढ्यापुरतीच. उन्हात ती दोन-तीन तासांत बिघडतात आणि दोष पाणपोईला लागतो. त्यापेक्षा झाकणाच्या डब्यात गुळाचे खडे ठेवा. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देण्याची रीत सगळ्यांना माहीत असते, समजावावं लागत नाही. डब्याखाली पाण्याची ताटली ठेवली की मुंग्या लागत नाहीत.

ओआरएसची पाकिटं शेजारच्या दुकानात ठेवायला द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, लहान २०० मिलीचं. घाईत मोठं पाकीट एका पेल्यात ओतलं जातं आणि ते खारट पाणी फायद्याऐवजी त्रास देतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोणी भोवळ येऊन पडलं, बरळू लागलं किंवा अंग तापून शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत घ्या, कपडे सैल करून अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. हा नंबर पाटीवर देणगीदाराच्या नावाहून मोठा लिहा.

मृग लागला, दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की पाणपोई बंद करायची. नुसती सोडून द्यायची नाही, कारण उघड्यावर राहिलेला माठ पावसाने भरतो आणि डासांचं घर होतो. तोट्या काढून धुऊन डब्यात ठेवा, पुढच्या वर्षी वायसर तेवढे बदला. पाझर मंदावलेले माठ कुंड्यांना द्या. चांगले असतील ते दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवून, उपडे घालून कोरड्या जागी ठेवा. ओलसर ठेवलेल्या माठाला आतून बुरशी धरते. आणि पाटी उतरवा. पुढच्या फेब्रुवारीत रिकाम्या ओट्यावर तीच पाटी बघून एखादा उगाच थांबायला नको.