मेट्रोनिडाझोल घेताना: वेळा, जेवण आणि अर्धवट सोडलेली पट्टी

जुलाब लागले की औषधांच्या डब्यातली उरलेली पट्टी शोधायची, ही सवय आधी सोडा. साधे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. तिथे ओआरएस हवं. मेट्रोनिडाझोल चालतं ते अमीबा, जिआर्डियासारख्या परजीवींवर आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर, उदाहरणार्थ दाताच्या मुळाशी झालेल्या पुवात.

मुरडा येऊन आव-रक्त पडत असेल आणि तपासणीत अमीबा निघाला, तर मोठ्या माणसाला साधारण ४०० ते ८०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ५ ते १० दिवस देतात. नेमका डोस डॉक्टर ठरवतात. मुलांचा तर वजनावरच.

तीनदा म्हणजे दर ८ तासांनी: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. रक्तातलं औषध साधारण ८ तासांत निम्मं होतं. तिन्ही गोळ्या दिवसाउजेडी उरकल्या, तर रात्रभर पातळी घसरत राहते. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नकोत.

गोळी जेवणानंतर, न चावता, पेलाभर पाण्याबरोबर गिळा. चावली तर जीभ कडूजहर होते. पातळ औषध मात्र जेवणाआधी तासभर, बाटली नीट हलवून, सोबत आलेल्या मापानेच. घरातले चमचे एकसारखे नसतात. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते, लघवी गडद होते. त्याने घाबरू नका.

दारू औषध चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर ३ दिवस बंद. द्राक्षासव, कुमार्यासव यांतही आंबवण्यातून अल्कोहोल तयार होतो, हे कुणी सांगत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध) चालू असेल, गर्भ राहिला असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधीच सांगा.

खरी गफलत पुढे होते. दोन दिवसांत पोट शांत होतं आणि पट्टी कपाटात जाते. शिवाय हे औषध आतड्याच्या भिंतीतला अमीबा मारतं, पण आतड्याच्या पोकळीतली त्याची कवचधारी रूपं (सिस्ट) नीट निघत नाहीत. म्हणूनच त्यानंतर बहुधा डायलोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम तीनदा, १० दिवस लिहून देतात. चिठ्ठीत ते नसेल तर विचारा.

हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं किंवा आकडी (फिट) आली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.